टेकडीवरची लग्नाची मडकी

अक्का गेल्या त्या दिवशी तिरडीचं सामान अंगणात आलं. बांबू, कडबा, सुतळी, आणि त्यात एक नवं कोरं मडकं. बायका रडत होत्या, मी मात्र त्या मडक्याकडेच बघत राहिले. अक्का असत्या तर माझ्या कानाशी म्हणाल्या असत्या, "मंदे, फोडायलाच नेतायत ना, त्यापरीस टेकडीवर नेऊ की..." त्याला आता महिना उलटून गेला. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्या अक्षरांवर हे लिहीत बसले आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. चांदवडच्या अलीकडे महामार्गाला लागून आमचं गाव, आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि गावामागे उघडी टेकडी. अलीकडे कांदा काढायला आला की गारा पडतात आणि पावसाळ्यात महिना महिना ऊन तापतं, हे आम्हाला दिसत होतंच. नाशिकहून एका संस्थेच्या मॅडम यायच्या. त्यांनी देवळात बायकांना बसवून हवामान बदलाबद्दल सांगितलं. बाकीच्या चहा पिऊन उठल्या. अक्का बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "ते जगाचं आमच्यानं व्हायचं नाय. ही टेकडी तेवढी सांगा." त्या पावसाळ्यात टेकडीवर लिंब, करंज, शिसव, वड लागले. प्रत्येक रोपाशेजारी एक जुना माठ गळ्यापर्यंत पुरायचा, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घालायची, म्हणजे पाणी मुळाशी झिरपत राहतं. गावात कुणाचा माठ जुना झाला की अक्का दारात हजर. संस्थेचा टँकर वरपर्यंत यायचा, रविवारी शहरातली पोरंपोरी मदतीला यायची. पहिला उन्हाळा असाच निघाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात कोरोना आला. टँकर बंद, पोरं बंद. मॅडमचा फोन आला, "अक्का, आता काम थांबवा, जीव सांभाळा." अक्का म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. पण झाडं काय मुंबईहून नाय आली, त्यांना शिवलं तर चालतंय." तेव्हापासून आम्ही दोघी पहाटे विहिरीवर हंडे भरून चढायला लागलो. वरून महामार्ग दिसायचा. बोचकी डोक्यावर घेऊन माणसं मुंबईकडून चालत यायची, पोरं कडेवर. आम्ही भाकरी आणि पाणी घेऊन जायचो. रस्ता मोठा केला तेव्हा कडेची झाडं गेली होती, म्हणून ती माणसं गावाच्या नावाच्या पाटीखाली बसायची, आणि सावली सरकली की तीही सरकायची. परत येताना अक्का एवढंच बोलल्या, "पाटीच्या सावलीत बसत्यात गं माणसं..."

मग गावात एकजण दगावला. मयताला खांद्यावर जे मडकं नेतात, त्यालाही भोक पाडतात. पारावर कुणीतरी बोललं, "मसणातली मडकी टेकडीवर पुरून ठेवलीत, मग दुसरं काय व्हणार!" दुसरा म्हणाला, "हितं माणसं मरत्यात अन् हिला झाडांची पडली." एका सकाळी वर गेलो तर सगळे माठ दगड घालून फोडलेले. अक्का खाली बसल्या. खापऱ्या गोळा करून रोपांच्या बुडाशी पसरायला लागल्या. "मातीला ऊन तरी नाय लागणार," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला प्यायच्या पाण्याचा माठ उचलला. आबा, म्हणजे माझे मोठे दीर, ओट्यावरून ओरडले, "मला गरम पाणी पाजती, अन् गार पाणी लिंबाला!"

"तुमची मुळं लय खोल गेलीत, तुम्हाला काय व्हतंय?" अक्का म्हणाल्या आणि चालायला लागल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझाही माठ वर गेला.

पण दोन माठांनी किती रोपं जगणार? अक्का कुंभारवाड्यात गेल्या. लग्नसराई बुडाली होती. मांडवात उतरंड रचतात ती मडकी, चुन्याचे पांढरे पट्टे आणि गेरूची नक्षी काढलेली, कुंभाराच्या अंगणात तशीच पडून होती. "लग्नंच नायत, कोण नेणार?" तो म्हणाला. अक्कांनी बाजरीच्या बदल्यात सगळी आणली. दार लावून आतल्या खोलीत भोकं पाडली आणि या वेळी मडकी निम्मीच पुरली, नक्षी दिसेल अशी. सकाळी पारावरून बघितलं तर टेकडीभर पांढरे पट्टे. शेजारीण म्हणाली, "अक्का, कुणाचं लगीन काढलं?"

"लिंबाचं. पण जेवायला नका येऊ, माणसं मोजून बोलवायचीत सध्या."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लग्नाच्या मडक्यावर दगड कोण घालणार? त्यांना कुणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी आबांना ताप आला. नाशिकला नेलं ते परत आलेच नाहीत. तोंड बघायला मिळालं नाही, अंगणात सामान आलं नाही, आबांच्या नावाचं मडकं फुटलंच नाही. अक्का भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. मी एकटी जमेल तसं पाणी घालत होते, नंतर माझ्यानंही होईना. मग एका पहाटे हंड्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर अक्का चुंबळ करत होत्या. मी म्हटलं, "अक्का, बसा ना घरी."

"घरात कोण पाणी मागतंय आता, मंदे? तिथं तरी मागत्यात."

त्यानंतरची वर्षं दमण्यातच गेली. निम्मी झाडं वाळली. काही शेळ्यांनी खाल्ली, एकदा वणव्यात गेली. गारा अजून पडतात. मॅडम पुन्हा आल्या, फोटो काढले, छान म्हणाल्या. अक्कांनी विचारलं, "पाऊस नीट कधी व्हणार?" मॅडम मोबाईल पिशवीत ठेवायला लागल्या. "आपल्या जन्मी नाय," असं स्वतःशीच म्हणत अक्कांनी हंडा उचलला. दर पावसाळ्यात त्या नवी रोपं लावायच्या आणि आपला घरचा माठ काढून सगळ्यांत नाजूक रोपाशी पुरायच्या. गेल्या वर्षी तो एका वडाशी गेला. वड अजून माझ्या कमरेएवढाही नाही.

अक्कांचे दिवस झाले, पाहुणे गेले. मी ठरवलं होतं, आता बास. गुडघे चढू देत नाहीत, आणि सोबतही नाही. अक्कांची शहरात राहणारी सून निघताना म्हणाली, "काकू, आईंचा माठ घरी आणा ना, आठवण म्हणून ठेवू." म्हणून खुरपं घेऊन वर गेले. वाटेत अक्का हंडा टेकवायच्या तो दगड आला. मी नेहमीसारखी त्याच्या एका कडेला बसले, त्यांची जागा सोडून...

वर जाऊन माठावरची ताटली काढली. आदल्या दिवशी मीच तो काठोकाठ भरला होता, शेवटचा म्हणून. रात्रीत वडानं तो अर्धा केला होता.

ताटली परत ठेवली. खुरपं तिथंच वडाच्या बुडाशी टाकलं आणि हंडा आणायला खाली उतरले.