कुलूप नसलेला डबा

त्या डब्याबद्दल मी एकदाच खरं बोललो, आणि तेही एका अंगणात, जिथे ते लिहून घेणारं कुणी नव्हतं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तरी आमचे कागद अजून चंद्रपूरच्याच पत्त्यावर येत. मी कोळसा शोधणाऱ्या एका पथकात तंत्रज्ञ होतो. जंगलात बोअर मारायचे, त्यात एक लांब उपकरण सोडायचं आणि कोळशाचा थर किती खोल आहे ते मोजायचं, हे आमचं काम. उपकरणाच्या टोकाला किरणोत्सारी पदार्थ भरलेली, बोटाच्या पेराएवढी एक बंद नळी बसवावी लागे. तिला आम्ही सोर्स म्हणायचो. काम नसेल तेव्हा सोर्स शिशाच्या जाड डब्यात, डबा कुंपणातल्या खड्ड्यात आणि डब्याच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

सोर्स परदेशातून यायचा. प्रत्येकाला एक क्रमांक असे. तो बनवणाऱ्या देशाच्या दप्तरात असे, मुंबईच्या कार्यालयात असे आणि माझ्या रजिस्टरात असे. हे तिन्ही जुळतात की नाही हे पाहायला एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे लोक अधूनमधून फिरत. जुना झालेला सोर्स कुठेही टाकायचा नाही, जिथून आला त्या देशाला परत पाठवायचा, असा करार होता. मला ही पद्धत मनापासून आवडायची. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला. आमच्या घरात माझ्याआधी विज्ञान कुणी शिकलं नव्हतं. माझ्या हातचा आकडा समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी वहीशी जुळतो, याचा मला अभिमान वाटे, आणि तो मी चारचौघांत मिरवतही असे.

वैनगंगेच्या काठी कॅम्प होता तेव्हा खड्ड्यावर चौकीदार म्हणून जवळच्या वस्तीतला एक धीवर ठेवला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सकाळी नदीत जाळं टाकून मग ड्युटीवर येई. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब म्हणायचा. साहेब म्हणू नको हे सांगून मी थकलो. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून धोक्याची पाटी त्याच्या कामाची नव्हती. मुंबईच्या प्रशिक्षणात दिलेल्या जाडजूड पुस्तकाचा अर्क काढून मी त्याला आमच्या बोलीत एक नियम दिला : "डब्याले कुलूप असन त हात लावाचा नाई. कुलूप नसन त डबा खाली हाय असं समजाचं." हा नियम करताना मी स्वतःवर फार खूश होतो.

त्याने तो चोख पाळला. एकदा चंद्रपूरहून आलेले एक मोठे अधिकारी कुंपणाला टेकून सिगारेट ओढत होते, तर त्याने त्यांना सरळ हाकललं. "कुलूप हाय आतमंदी," एवढंच म्हणाला.

त्या भागात आणखी एक रीत होती, ती कुणी घालून दिली नव्हती. कॅम्प उठला की मागे जे राहील ते गावाचं. फुटके ड्रम, लाकडी पेट्या, दोरखंड, ताडपत्रीचे तुकडे. ट्रक दिसेनासा झाला की बाया, माणसं येत आणि संध्याकाळपर्यंत जागा झाडून नेल्यासारखी स्वच्छ होई. आम्हालाही ते सोयीचं होतं.

त्या वर्षी नवा सोर्स आला. नव्या डब्याच्या कुलपाची किल्ली प्रवासात कुठेतरी हरवली, म्हणून ते कुलूप कापून टाकावं लागलं. जुना सोर्स परत पाठवायचा होता, पण त्याचे विमानाचे कागद अडकले होते. तो जुन्या डब्यातच राहिला. नवा सोर्स जास्त जोरकस, म्हणून मी जुन्या डब्याचं कुलूप काढून नव्याला लावलं. तोवर सगळं बरोबर होतं. जुन्यासाठी बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीहून दुसरं कुलूप आणायचं ठरवलं. बाजाराला गेलो, केस कापले, कॉलेजातला एक मित्र भेटला, त्याच्याबरोबर जेवलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. कुलूप राहून गेलं. आठवलं तेव्हा म्हटलं, पुढच्या बाजाराला आणू.

पुढच्या बाजाराआधीच कॅम्प हलवायचा हुकूम आला. सिरोंच्याच्या वाटेवर, दिवसभराचा प्रवास. कुलूपवाला डबा मी स्वतः जीपमध्ये ठेवला. जुना दोघा मजुरांकरवी कुंपणाबाहेर काढून ठेवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, हा ट्रकमध्ये घे. ट्रक पाइपांनी भरला होता. ड्रायव्हरला वाटलं साहेब जीपमध्ये घेतील, मला वाटलं ट्रकमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उतरवलं आणि डबा नव्हता. माझी पाचावर धारण बसली. पुढच्याच आठवड्यात मुंबईचे अधिकारी आणि त्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पाहुणा क्रमांक ताडायला येणार होते, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची आठवण झाली नाही. मला चौकीदाराची जाळी आठवली. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात, ते तो घरच्या चुलीवर शिसं वितळवून स्वतः ओतायचा. बिनकुलपाचा, शिशाचा एवढा मोठा डबा कॅम्पच्या मागे राहिला होता. तो फोडला की आतली नळी त्याच्या हातात येणार होती. ती हातात धरली, किंवा चमकते म्हणून घरात कुठे ठेवली, तर त्या घराचं काय होईल हे त्या मुलखात फक्त मला माहीत होतं.

जीप घेऊन निघालो. वाटेत कुठे थांबलो नाही. दुपार कलताना वस्तीत पोचलो आणि पहिल्या घरापासूनच किरण मोजणारा मीटर चालू केला. बांबूंवर जाळी वाळत होती. प्रत्येक जाळ्याच्या कडेला, मण्यामण्याला मीटर लावत मी पुढे सरकत होतो. बाया हसत होत्या. साहेब मासे मोजून राह्यले का, असं एकीने विचारलं. मीटर गप्प होता. तो गप्प आहे याचा आनंद मानावा की चौकीदाराच्या घरी तो काय सांगेल याची भीती बाळगावी, मला कळेना.

चौकीदार अंगणात होता. डबा त्याच्यासमोर होता. झाकणाच्या दोन खिळींपैकी एक निघून बाजूला पडली होती, दुसरी वाकली होती, आणि त्याच्या हातात छिन्नी होती. मीटरचा काटा हलला, पण थोडाच. नळी अजून आतच होती.

"बरं झालं आले, साहेब," तो म्हणाला. "हे झाकन निघूनच नाई राह्यलं."

"छिन्नी खाली ठेव भाऊ. मागं हो."

माझा आवाज ऐकून त्याची बायको चुलीपासून उठली. चूल पेटलेली होती, कढईही चढवलेली होती. मी खीळ ठोकून बसवली, डब्याला तारेचे वेढे दिले आणि मग तिथेच मातीत बसलो. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"काऊन, भरून होता का?" त्याने विचारलं.

"हो."

तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. मी सांगितलं, काही झालेलं नाही, झाकण बंद होतं, घाबरू नको. ते खरं होतं.

"पन साहेब, तुमीच त सांगतलं होतं. कुलूप नसन त खाली हाय म्हनून."

"माझी चूक झाली, भाऊ. कुलूप मीच काढलं होतं."

त्याने मान हलवली. बायकोने पाणी आणून दिलं.

चूक लपवायचा माझा विचार नव्हता. अहवाल लिहायला बसलो तेव्हा आमचे प्रमुख शेजारी येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे समजावलं की हा कागद मुंबईला जाईल, तिथून परदेशात जाईल, कारण अशा घटना सगळे देश एकमेकांना कळवतात. हयगय लिहिली तर पथकाचा परवाना जाईल आणि माझी कायम होऊ घातलेली नोकरीही. चोरी लिहिली तर काहीच नाही. चोरी कुठेही होते. पोलिसांत द्यायचं नाही, फक्त त्या चौकीदाराला पुन्हा कामावर घ्यायचं नाही. मी लिहिलं : जाळ्याच्या मण्यांना लागणाऱ्या शिशासाठी चौकीदाराकडून कुलूप तोडून चोरी, तत्पर शोधामुळे वस्तू सुखरूप परत. मग ब्रह्मपुरीहून दोन कुलपं मागवली. एक डब्याला लावलं, दुसरं हातोडीने फोडून अहवालाला जोडलं.

पाहुणा आला, त्याने क्रमांक ताडले, ते जुळले. त्याने माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

चौकीदाराचं नाव आसपासच्या सगळ्या कॅम्पांना कळवलं गेलं. ते मला ठाऊक नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पावसाळ्यानंतर तो एकदा चंद्रपूरच्या ऑफिसात आला. धुतलेला सदरा घालून बाहेर बाकावर बसला होता.

"मले कोनी कामावर घेऊन नाई राह्यले, साहेब. कागदावर मले चोर लिवलं हाय म्हनतेत. तुमाले वाचता येते. कोनं लिवलं ते पाहून द्याल का? तुमाले त सारं ठाऊक हाय."

त्याचा माझ्यावर संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पाहतो. त्याने दोन्ही हात जोडले आणि बस पकडायला गेला. त्यानंतर तो मला भेटला नाही, मीही त्या वस्तीकडे गेलो नाही.

पुढच्या वर्षी मुंबईत एक प्रशिक्षण झालं. आठ-दहा देशांचे लोक आले होते. असे पदार्थ चुकीच्या हाती पडू नयेत म्हणून सगळ्यांनी एकमेकांच्या अनुभवातून शिकावं, हा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी परदेशी शिक्षकाने एक प्रसंग मांडला. देशाचं नाव घेतलं नाही, पण नदी होती, जाळी होती, शिशाचे मणी होते. तत्पर तंत्रज्ञाचं कौतुक होतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातून आलेल्या एका बाईंनी हात वर केला आणि विचारलं, त्या पहारेकऱ्याचं यावर काय म्हणणं होतं? शिक्षकाने कागद पुढेमागे करून पाहिले. म्हणाला, तशी नोंद नाही.

मी तिसऱ्या रांगेत होतो. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण तो मी होतो हे कुणाला माहीत नव्हतं. शिक्षकाने जरा वाट पाहिली, मग फळ्याकडे वळून या प्रसंगाचा धडा लिहिला : पहारा स्थानिक माणसाच्या हाती देऊ नये. सगळ्या देशांच्या लोकांनी तो आपापल्या वहीत उतरवून घेतला. मीही घेतला.