इंदापूरहून आलेला कागद

बाईंची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. नर्सिंगचा कोर्स संपवून मी काटेवाडीहून बारामतीला त्यांच्या प्रसूतिगृहात गेले होते. डॉ. वासंतीबाईंनी माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पेशंटचे नातेवाईक अंगावर आले तरी खरं तेच सांगशील?" मी हो म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं.

आज बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठीचा हा लेख गौरवपर असावा, असं संयोजकांनी कळवलं आहे. तो तसाच आहे. फक्त गौरव बाईंचा आहे, आमचा नाही.

बाईंना घाई माहीत नव्हती. कळा मंद असल्या की त्या बाळंतिणीच्या उशाशी स्टूल टाकून बसत आणि तिच्या म्हशींची चौकशी करत. बाहेर नातेवाईक घड्याळं बघत. त्यांना बाई चहा पाठवत, पण कळा वाढवायचं सलाइन लावत नसत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी वहिनी शालन दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, इंदापूरला झालं होतं, सिझेरियननं. पुन्हा पोट फाडून घ्यायची तिची तयारी नव्हती. बाई म्हणाल्या, "नॉर्मलचा प्रयत्न करता येईल, पण आधी त्या ऑपरेशनचा कागद आणा." कागद तिच्या वडिलांकडे, तात्यांकडे होता. आणि पहिल्या मुलीच्या बारशातल्या मानपानावरून त्या घराशी आमचं बोलणं बंद होतं. आई म्हणाली, "त्यांच्या दारात कुणी जायचं न्हाय." कुणी गेलं नाही.

दिवस भरून गेले, कळा येईनात. बाईंनी वहिनीला दाखल करून घेतलं. दादा म्हणाला, "सलाइन लावा, कळा आणा, मोकळी करा." बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "पोटावरची खूण आडवी आहे. पण आत गर्भपिशवीवर छेद कसा घेतलाय, ते त्यावरून कळत नाही. तो उभा असेल तर औषधाच्या कळांनी फाटेल. कागद पाहिल्याशिवाय मी ते औषध देणार नाही. नाही मिळाला, तर उद्या सिझेरियन करू." मग त्यांनी स्वतः तात्यांना चिठ्ठी लिहिली आणि इंदापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. खरं तर ते काम आमचं होतं.

व्हरांड्यात दादानं मला गाठलं. "तू नर्स हायस. तू सांग." मी म्हणाले, "बाई फार भितात. टाका आडवाच आहे. दुसरीकडे लावतील सलाइन." मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण घरात पहिल्यांदाच कुणी मला काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतःच्या जबाबदारीवर सही करून वहिनीला एका दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळांचं सलाइन लावलं. दुपारी ती जीपमधून परत आली, पांढरीफटक. बाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी हात धुतले आणि त्या आत गेल्या. वहिनी वाचली. मुलगा गेला, पिशवीही काढावी लागली.

वहिनी टेबलावर असतानाच तात्या आले. "चिठ्ठी आज सकाळी घावली, ताई. मिळंल त्या यष्टीनं आलो. ह्यो कागद डॉक्टरबायस्नी द्या." मी उघडून वाचला. बाळ आडवं होतं म्हणून पिशवीवर उभा छेद घेतला होता, आणि पुढच्या वेळी कळांची वाट न बघता सिझेरियनच करावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी घडी घालून तो खिशात ठेवला. बाई बाहेर आल्या. "कागद आला का?"

"नाही आला, मॅडम."

पुढं दादानं गावभर सांगितलं, डॉक्टरबाईंनी ताटकळत ठेवलं म्हणून घात झाला. आमच्या घराला ते सोयीचं होतं, नाहीतर आम्हाला एकमेकांकडे बघावं लागलं असतं. कितीतरी दिवस काटेवाडीची एकही बाई त्यांच्या दवाखान्याची पायरी चढली नाही. त्या वेळी बाईंना नावं ठेवणारे दोघे आज या ग्रंथाच्या समितीवर आहेत. त्यांनी ही ओळ कापू नये.

आतला छेद कुठं फाटला, ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या गप्प राहिल्या. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "पेशंटच्या घरचं मी बाहेर बोलत नाही." मला त्यांनी कामावरून काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. त्यानंतर मात्र प्रत्येक सिझेरियननंतर त्या जाड कार्डावर ठळक मराठीत छेद कसा आहे ते लिहीत आणि कार्ड सासऱ्याच्या नाही, नवऱ्याच्याही नाही, त्या बाईच्याच हातात देत. ती कार्डं अनेक वर्षं मीच लिहिली.

गेल्या महिन्यात मी वहिनीला सगळं सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती; तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं मी त्या बाईला शिव्या देत आले, वन्सं." छापू का, असं विचारल्यावर म्हणाली, "छापा. पोट माजं फाटलंय, आन कुणाला इचारायचं हाय?"

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ही प्रार्थना मी स्वार्थानं करते आहे, कारण मला क्षमा मागायला जायचं आहे आणि अजून धीर होत नाही. संयोजकांनी लेखासोबत माझा फोटो मागितला होता. त्याऐवजी तो कागद पाठवत आहे. तोच छापावा. बाईंनी तो अजून पाहिलेला नाही.