सासूबाईंची उडी आणि चमचाभर इंद्रायणी

सांगायला तोंड नाही खरं तर. पण चहा आलाच आहे, आणि तुम्हाला कुठून तरी कळणारच. तेव्हा माझ्या बायकोकडून, मृदुलाकडून, कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. ती सांगते तेव्हा माझे हावभावही करून दाखवते.

मी खराडीला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे इतरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे कुठे बिघडतं ते शोधायचं. दिवसभर ज्युनियर पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगतो, "एकदा टेस्टिंग झालं की नंतर काडीचाही बदल करायचा नाही!" हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

तर झालं असं, माझ्या सासूबाई साठी उलटल्यावर पोहायला शिकल्या. आमच्या कोथरूडच्या घराजवळच्या तलावावर बायकांची बॅच असते, तिथे. सुरुवातीला नुसत्या पायरीवर बसून राहायच्या. मग हळूहळू तलाव आडवा पार करायला लागल्या. राहिली होती फक्त खोल पाण्यातली उडी. त्यांचे शिक्षक शेलार सर म्हणाले, "काकू, येत्या रविवारी मारायचीच."

सासूबाईंनी ही बातमी लगेच कसब्यातल्या थोरल्या बहिणीला, कुमुदमावशींना, फोनवर सांगितली. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकलं.

"तू? उडी? अगं, हौदात पाय सोडायला रडायचीस तू!"

"फोटो पाठवते ना ताई."

"पाठव की. परवा मला कोणीतरी वाघावर बसलेल्या आजींचा फोटो पाठवला. मोबाइलवर हल्ली काय वाट्टेल ते करतात. मी नाही बाई विश्वास ठेवणार."

फोन बंद झाला आणि सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. तुम्हाला सांगतो, ही बाई कोणापुढे वाकत नाही. पण थोरल्या बहिणीने एकदा तरी आपल्याला मानावं, एवढी एक इच्छा त्यांनी परकरपोलक्यापासून जपलेली आहे.

त्या उठल्या आणि कपाटातून सासऱ्यांचा कॅमेरा घेऊन आल्या. खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात हौस म्हणून घेतलेली ही एकच वस्तू. ते गेल्यापासून सासूबाई दर दिवाळीला तो चार्ज करतात, मऊ फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. आम्हाला हात लावायची परवानगी नाही.

"ह्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो ताई खोटा म्हणायची नाही," त्या म्हणाल्या. "मंदारराव, तुम्ही काढाल ना? पाण्याखालून?"

आता इथे नाही म्हणायला हवं होतं की नको? शहाण्या माणसाने म्हटलं असतं. मी म्हणालो, "आई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा!"

मी त्या कॅमेऱ्याला बसणारी वॉटरप्रूफ केस मागवली. पारदर्शक, जाड प्लास्टिकची डबीच ती. झाकणाला गोल रबरी रिंग, वर घट्ट बसणारा खटका. आणि मग मी माझं कसब दाखवायला घेतलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, आधी केस रिकामीच बुडवून पाहा. मी आत शब्दकोड्याचा कागद ठेवला, खटका लावला आणि केस बादलीत बुडवली. ती वर यायला लागली, म्हणून तिच्या डोक्यावर वरवंटा ठेवला. बराच वेळ. मृदुला अंघोळीसाठी दार वाजवत होती तरी मी उघडलं नाही.

केस बाहेर काढली. कागद कोरडा ठणठणीत! मी घरभर तो कागद नाचवला. सासूबाईंनी तो चष्मा लावून तपासला आणि म्हणाल्या, "वा!" मला त्यांच्याकडून 'वा' मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यानेच घात केला.

कारण रविवारी सकाळी मला वाटलं, आणखी थोडी काळजी घेऊ. केसमध्ये दमट हवा राहिली तर काच धुरकट होते. त्यासाठी बरोबर एक छोटी पुडी आली होती, ती मी खोक्यासकट कचऱ्यात टाकली होती. आता काय करायचं? सांगा बरं, मीठ ओलं होऊ नये म्हणून आपण मीठदाणीत काय टाकतो?

बरोबर. तांदूळ.

चमचाभर इंद्रायणी घेतला, मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि कॅमेऱ्याशेजारी खुपसली. जागा कमी होती, पण दाबून बसवली. मृदुलाने पाहिलं. "अरे मंदार, हे कशाला? परवा चांगलं टेस्ट केलंस ना?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य ती आता रोज मला ऐकवते.

रविवारी तलावावर घरच्यांनाही उतरता येतं. दारातच पाटी आहे, 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत. हा तलाव आहे, खानावळ नाही.' मी ती वाचून हसलोसुद्धा! काळाने हसू दिलं.

शेलार सरांनी मला खोल बाजूला शिडीपाशी उभं केलं. सासूबाई काठावर गेल्या. टोपी, चष्मा, चेहरा पांढराफटक. हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. मी श्वास भरून पाण्याखाली गेलो, एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने केस समोर धरली.

केसच्या कोपऱ्यातून बुडबुडे येत होते.

मला वाटलं, माझेच असतील. मी श्वास घट्ट धरला. बुडबुडे चालूच! नीट पाहिलं, तर आत पाणी चढत होतं आणि त्यात इंद्रायणीचे दाणे गरगरत होते. पुरचुंडीची गाठ सुटली होती. एक दाणा तर झाकण आणि रबरी रिंग यांच्यामध्ये अडकून बसला होता, आणि त्याच्या शेजारून तलाव आत येत होता.

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. सासऱ्यांची एकुलती एक हौस माझ्या हातात बुडत होती! वर यावं, तर तेवढ्यात धप्प असा आवाज झाला आणि सासूबाई पाण्यात आल्या. मी घाबरून बटण दाबलं. एकदाच. पुढच्या क्षणाला कॅमेरा विझला.

मी वर आलो आणि ओरडलो, "तांदूळ! तांदूळ!"

तुम्हीच सांगा, खोल पाण्यात एक माणूस हात वर करून 'तांदूळ' ओरडतोय, तर लोक काय समजणार? शेलार सर ओरडले, "गेला, गेला! नाकातोंडात पाणी गेलंय!" त्यांनी ट्यूब फेकली, ती माझ्या डोक्यात बसली. आणि आयुष्यातली पहिली उडी मारून नुकत्याच वर आलेल्या माझ्या सासूबाईंनी तशाच हात मारत येऊन माझे केस धरले आणि मला काठाला लावलं. टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी.

काठावर मी केस उघडली. पाणी, कॅमेरा आणि भिजलेला इंद्रायणी फरशीवर सांडला. व्यवस्थापक आले. त्यांनी तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दारातल्या पाटीकडे बोट दाखवलं.

गर्दीतल्या कोणीतरी कळकळीने सांगितलं, "अहो, कॅमेरा भिजला का? मग तांदळात ठेवा!"

मला तिथेच रडू आलं. खोटं नाही सांगत. सासूबाई टॉवेल गुंडाळून शेजारी बसल्या. मी म्हणालो, "आई, बाबांचा कॅमेरा गेला. माझ्या अतिशहाणपणाने गेला." त्यांनी कॅमेरा हातात घेतला, पदराच्या सवयीने टॉवेलच्या टोकाने पुसला.

मग म्हणाल्या, "ह्यांना पाण्याची फार भीती हो. मलाही कधी उतरू दिलं नाही. आणि आज बघा, स्वतःच उतरले." आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. त्या हसण्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत उडी मारता का काकू? मोबाइलवर घेतो," शेलार सर म्हणाले.

"नाही. ह्यांच्यासमोर मारली, झालं."

म्हणजे फोटोही गेला! मावशी आता जन्मभर ऐकवणार, आणि त्याला कारण मी.

घरी येऊन मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, पुसलं, पंख्याखाली वाळवलं. कॅमेरा काही उठला नाही. कार्ड मात्र लॅपटॉपला लावल्यावर उघडलं! शेवटचा फोटो होता. हिरवटनिळं पाणी, मधोमध सासूबाई, हात वर, गाल फुगलेले, डोळे मोठ्ठे. आणि त्यांच्या सभोवती, डोक्यावर, खांद्यांवर, भलेथोरले पांढरे दाणे तरंगतायत. एक दाणा तर त्यांच्या हाताएवढा.

"पाठवू नका आई," मी हात जोडले. "मावशी हा फोटो शंभर टक्के खोटा म्हणतील."

सासूबाईंनी पाठवला. पाठोपाठ मावशींचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"हे पांढरं काय आहे गं?"

सासूबाईंनी खरं काय ते सगळं सांगितलं. केस, मीठदाणी, पुरचुंडी, सगळं. मी डोळे मिटून घेतले.

"मानलं हं तुला," मावशी म्हणाल्या. "उडी खरीच मारलीस."

सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खरंच पटलं, ताई?"

"न पटायला काय झालं? मशीनने केलेला फोटो असता, तर सगळं देखणं केलं असतं त्याने. कॅमेऱ्यात तांदूळ घालायची अक्कल मशीनला कुठून येणार? त्याला आपले मंदाररावच लागतात."