वाकडे सरगुंडे

परवा आंजी गावातल्या एका अंगणात खाटेवर वाळत घातलेले सरगुंडे दिसले आणि ओल्या कणकेच्या वासाबरोबर एक दुपार परत आली. मी तेव्हा कॉलेजात होते, पिशवीत कायम आरोग्याची माहिती देणारी पत्रकं असायची. शेजारच्या काकूला छातीचा कॅन्सर होता. आता घरीच ठेवा, असं सांगून दवाखान्यानं तिला परत पाठवलं होतं. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात काड्यांवर कणीक गुंडाळून सरगुंडे करत बसल्या, पण तिला कुणी बोलावलं नाही. कुडाच्या भिंतीआडून तिनंच विचारलं, "मले काऊन नाई बोलावलं वं?" मी तावातावानं पत्रक वाचून दाखवलं, की हा रोग शिवल्यानं होत नाही. एक बाई हळूच म्हणाली, "कागद खरा हाय पोरी, पण आमचं लेकराबाळाचं घर हाय." आई उठली. कणकेची परात उचलून ती काकूच्या अंगणात जाऊन बसली, आणि मग एकेक बाई मागोमाग गेली. काकूचा उजवा हात सुजलेला होता, म्हणून ती डाव्या हातानं गुंडाळू लागली. "तुहे सरगुंडे तुह्या नवऱ्यावानी वाकडे!" कुणीतरी म्हणालं आणि काकू छातीवरची पट्टी धरून खूप दिवसांनी हसली. आईनं तेच वाकडे सरगुंडे वाफवले, वर आंब्याचा रस घातला आणि पहिली वाटी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. मी खाल्ले, पण त्याआधी माझा हात क्षणभर थांबला होता. काकू श्रावणात गेली. पत्रकं मी आजही लिहिते; तो थांबलेला हात तिनं पाहिला होता का, हे मात्र विचारायचं राहूनच गेलं.