इंजिनाला मारलेला काळा रंग

हवालदार युसूफ शेख, सटाण्याचे. त्यांचं नाव आधी लिहितो. मी फौजेत सतरा वर्षं टिकलो, आज पेन्शन घेतो, विंचूरला माझं गॅरेज आहे, ते त्यांच्यामुळे. काय झालं ते नंतर सांगतो. ते सांगायला लागलो की राग येतो आणि मग त्यांचं नाव मागे राहतं.

मी सुरगाण्याकडचा. दहावी कशीबशी काढली आणि शाळा सुटली. भरती झालो, ड्रायव्हरचा कोर्स केला आणि दोन वर्षांच्या नोकरीवर हिमालयातल्या एका पोस्टवर पोचलो. बटालियनच्या गाड्या सांभाळणारी एमटी प्लाटून. घरापासून गाड्या बदलत पाच दिवस. तिथे थंडीपेक्षा मला एकाच गोष्टीची भीती होती. काही चुकलं तर घरी पाठवतील.

गॅरेजवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "फौजी, डिझेल पिकअपचं इंजिन किती चालतं?" मग स्वतःच सांगतो. कोणी तीन लाख किलोमीटर म्हणतो, कोणी पाच. गेल्या महिन्यात एकाने विकायला काढलेली पिकअप आणली. इंजिन धुऊन वर ताजा काळा रंग मारलेला.

"गिऱ्हाईक येतंय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मान हलवा."

मी त्याला गाडीसकट बाहेर काढलं.

"एवढं काय तापायचं, फौजी? रंगच तर हाय."

रंगच तर आहे. म्हणून हे लिहितोय.

फौजेत ड्रायव्हरच्या तीन परेड असतात. गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परत आलं की लास्ट परेड. तेल, पाणी, पट्टे, टायर. प्रत्येक वेळी गाडीखाली वाकून जमीन बघायची, काही गळतंय का. युसूफ उस्ताद आमचे एमटी हवालदार. ते स्वतः आमच्या मागे वाकून बघायचे. इंग्रजी फॉर्म मला वाचता येत नव्हता, तर त्यांनी तो मराठीत एका वहीत उतरवून दिला. डिफेक्ट बुकात बिघाड लिहायलाही त्यांनीच शिकवलं.

माझ्याकडे डबल केबिनची डिझेल पिकअप होती. मीटरवर एक लाख बारा हजार. इंजिन म्हणाल तर तरुण.

वार्षिक इन्स्पेक्शनच्या तीन दिवस आधी लास्ट परेडला वॉटर पंपाखाली हिरवट डाग दिसला. कूलंट गळत होतं, थेंब थेंब. उस्ताद आले.

"काय शे रे?"

मी डाग दाखवला. त्यांनी खडूने त्याभोवती गोल काढला आणि डिफेक्ट बुकात लिहिलं: पंप बदलेपर्यंत गाडी उभी.

"हे पुसायचं नाय, गावित. पंप आणायला मीच वर्कशॉपला जातो."

ते गेले. दुसऱ्या दिवशी एमटीचे सुभेदारसाहेब आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"परवा जनरलसाहेब येतायत आणि हे काय? इंजिन आरशासारखं पाहिजे. पुसून काळा रंग मार."

"साब, पंप..."

"पंप येईल तेव्हा येईल. आणि ते पान फाड. इन्स्पेक्शनला एकही गाडी ऑफ रोड, बंद पडलेली, दिसायला नको."

मी डाग पुसला. पान फाडलं. वरून साधं पाणी भरलं आणि ब्रशने पंपापासून हेडपर्यंत काळा रंग मारला. चांगला मारला, हे सांगायची लाज वाटते. सुभेदारसाहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी दहा वाजता शिपाई विशाल अहिरे वरच्या पोस्टवरून खाली आणला गेला. फुफ्फुसात पाणी. उंचीवर होतं असं. विशाल सटाण्याजवळच्या गावचा, माझ्याच बॅचचा. फील्ड हॉस्पिटल बेचाळीस किलोमीटर, मध्ये एक खिंड. ॲम्ब्युलन्स आदल्या दिवशी दुसरा पेशंट घेऊन खाली गेली होती. हेलिकॉप्टरला ढग. बाकी गाड्या रांगेत उभ्या, जनरलसाहेबांसाठी.

सुभेदारसाहेब म्हणाले, "पिकअप घे. ओके आहे ना?"

मी म्हणालो, "ओके, साब."

दहा चाळीसला निघालो. मागे विशाल, एक नर्सिंग असिस्टंट आणि ऑक्सिजनचा एक सिलिंडर. विशालला धाप लागत होती, तरी तोंड बंद नव्हतं.

"गावित, ही सुरगाण्याची टपावर बसायची जीप नाय. हळू घे."

"तू गप पड."

"तुमच्याकडं जीपमधी चाळीस माणसं बसत्यात आन् चढाला खाली उतरून ढकलत्यात. मी ढकलणार नाय, आधीच सांगतो."

सव्वाअकराला खिंडीचा चढ लागला. टेम्परेचरचा काटा मधोमध होता. मग तो खाली आला. मला वाटलं, इंजिन थंड चालतंय, बरं झालं.

थोड्या वेळाने विशाल म्हणाला, "दादा, हीटर थंड झाला."

त्याने मला कधी दादा म्हटलं नव्हतं. मी हीटरचं बटण पूर्ण फिरवलं. गार हवाच आली. मी त्याच्या अंगावर माझा कोट टाकायला सांगितला आणि गाडी हाकली.

अकरा चाळीसला रेडिओ वाजला. युसूफ उस्ताद पंप घेऊन नुकतेच परतले होते.

"गावित, तुम्हारा लोकेशन? ओव्हर."

"खिंडीच्या खाली, तिसरं वळण, उस्ताद. ओव्हर."

"हीटर गरम है या ठंडा?"

"थंड."

मग ते मराठीत बोलले. "गाडी थांबव. इंजिन बंद कर. आत्ताच."

मी पाय उचलेपर्यंत इंजिन स्वतःच थांबलं. करकरलं आणि जाम झालं. पाणी संपलं की काट्याला मोजायला पाणीच उरत नाही, म्हणून तो खाली येतो. हीटरमध्ये तेच पाणी फिरतं, म्हणून तो गार होतो. गाडी वीस मिनिटं सांगत होती. विशालने तर शब्दांत सांगितलं होतं.

बॉनेट उघडलं. रंग फुगून सुटला होता आणि त्याखाली पंपाची हिरवट धार होती.

उस्ताद रांगेतली एक गाडी कोणाला न विचारता घेऊन निघाले, पण रांगेतून ती बाहेर काढण्यातच पाऊण तास गेला. साडेबाराला सिलिंडर संपला. एक वाजून पाच मिनिटांनी विशाल गेला. माझा हात त्याच्या छातीवर होता. उस्ताद दीड वाजता पोचले.

त्या इन्स्पेक्शनमध्ये एमटी प्लाटूनला "व्हेरी गुड" मिळालं. पार्टी झाली नाही एवढंच.

चार दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सकाळी उस्तादांनी मला शेडमागे नेलं. मी फाडलेल्या पानाचं सगळं सांगितलं.

"सुभेदार काय म्हणतो?"

"म्हणतो, मी असं काही बोललोच नाय."

"मग तू घरी जाशील."

"मी खरं सांगतो, उस्ताद."

"तुझी नोकरी दोन वर्षं. माझी एकोणीस, पेन्शन पक्की. तू गप राहायचं. हा हुकूम."

आत जाऊन त्यांनी सांगितलं की गळती त्यांच्या नजरेतून सुटली. नायब सुभेदारचं प्रमोशन आलेलं होतं, ते गेलं. हवालदार म्हणूनच ते घरी आले. सुभेदारसाहेब पुढे ऑनररी कॅप्टन झाले. लग्नाच्या पत्रिकेत तसं छापतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गप राहिलो असतो. पण विशालची ट्रंक घेऊन त्याच्या घरी उस्तादच गेले आणि त्याच्या आईलाही त्यांनी तेच सांगितलं, "चूक माझी." तेव्हापासून सटाण्याच्या बाजारात ते दिसले की ती माउली तोंड फिरवते. मी डोळ्यांनी पाहिलंय. उस्ताद बाजूला होऊन तिला वाट देतात. मी एकदा तिच्या दारापर्यंत गेलो. तिने पाणी दिलं, विशालचा मित्र म्हणून बसवलं. मी पाणी पिऊन परत आलो.

इंजिन किती चालतं? त्या इंजिनाने अजून किती लाख किलोमीटर काढले असते, मला माहीत नाही. मी त्याला मारलं. विशाल तेवीस वर्षांचा होता. गाडीत बसून तो हसत होता आणि हीटर गार झाल्याचं मला सांगत होता.

युसूफ उस्ताद, तुमचा हुकूम मी इतकी वर्षं पाळला. आता पाळणार नाही. एक दिवस मी तुम्हाला घेऊन त्या दारात येईन. तुम्ही मागे उभे राहा. पान मी फाडलं, रंग मी मारला, हे मी तिला सांगेन. त्यानंतर तिने तोंड फिरवलं तर ते माझ्याकडून फिरवू दे.