खिशातली हिरवी मिरची

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, जाड मानेचा. थोड्या थोड्या वेळानं तो शर्टाच्या खिशातून हिरवी मिरची काढून तिचा शेंडा चावायचा. मला हसू आलं. ते त्याला दिसलं असावं.

"झोप येऊ नये म्हणून," तो म्हणाला. "गाडीवरची सवय हाय. आठ तास झोपलो तरी दिवसा डोळा लागतोय. घोरतोय लई. मला वाटायचं, गाढ झोप हाय. बायको म्हणती, मधीच श्वास थांबतोय तुमचा. रोज तीच हलवून उठवती. तिनंच पाठवलंय की हितं."

"मग गाडीवर कोण उठवतं?"

"तितं कुटं बायको हाय?" त्यानं साधेपणानं विचारलं.

बोलता बोलताच त्याची मान खाली गेली. घोरणं सुरू झालं, वाढलं आणि एकदम बंद पडलं. छाती हलेना. मी मनात आकडे मोजू लागलो. बारापर्यंत पोचलो आणि घाबरून त्याचा खांदा गदागदा हलवला.

तो मोठा श्वास ओढत दचकला. डोळे उघडायच्या आधीच त्याचे दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढं आले आणि उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला.

समोरच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तो त्या दोघांकडं बघत राहिला. फरशीवरचा पाय त्यानं बराच वेळ उचलला नाही.