चंपाचा सरदार

राहनाळ गावच्या नामाची पोरगी चंपा सातवीपर्यंत शिकली, आणि त्या शिक्षणाचं तिनं काय केलं, तर एका मेलेल्या माणसावर जीव टाकला.

धामणकर नाक्यावरच्या एका लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला जायची. नाक्यावरच दाजींचं दुकान होतं. पुढे वह्या-पेनं, मागे भाड्यानं द्यायच्या कादंबऱ्या. मुखपृष्ठावर किल्ला, चंद्र आणि केस मोकळे सोडलेली बाई असेल तरच चंपा पुस्तक उचलायची.

मी त्यातली बरीच वाचली आहेत, म्हणून अधिकारानं सांगतो: सगळ्यांत गोष्ट एकच. कुणी एक सरदार लढाईत मरतो, पण जात नाही. तीनशे वर्षं बुरुजावर उभा राहतो, आणि कॉलेजातली एखादी मुलगी सहलीला आली की तिला म्हणतो, "प्रिये, मी तुझीच प्रतीक्षा करत होतो." आमच्याकडच्या पुरुषांना भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत दम निघत नाही. शिवाय हा सरदार पीत नाही, जेवायला मागत नाही, हात उचलत नाही, आणि त्याची आई त्याच्याइतकीच मेलेली असते. असा नवरा जिवंतांत सापडत नाही हे लेखकांनाही ठाऊक असावं, म्हणून बिचारे मेलेल्यांत शोधत होते.

चंपाच्या सरदाराचं नाव अजितराव. छातीवर तलवारीचा वार, पण अंगरख्याला सुरकुती म्हणून नाही.

चौऱ्याहत्तर साली तिला वळ गावच्या दामूचं स्थळ आलं. दामू लूम चालवायचा आणि पगार झाला की प्यायचा, म्हणजे चारचौघांसारखा होता. चंपाला कुणी विचारलं नाही आणि तीही नाही म्हणाली नाही. तिला घोर वेगळाच होता. अजितरावाला न कळवता बोहल्यावर कसं चढायचं?

आमच्याकडे लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना मांडवात बोलावते, आणि मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन आवतण देते. चंपानं हळदीनं माखलेल्या हातानं गुणाबाई धवलारणीचा पदर ओढला आणि कानात सांगितलं, "आजून एक नाव घे. अजितराव."

"कोण लागतो?"

"आमचाच हाय."

गुणाबाईला शंभर नावांत एक जड नव्हतं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड येऊन बसलं आणि तिनं चांगला सूर लावून आजा, पणजा, चुलत्यांच्या रांगेत अजितरावांना बोलावलं.

दामूची आई जानकीबाई पान लावत होती. तिचा हात थांबला. नामाच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावापुढे राव लागला नव्हता. आणि आमच्याकडे परक्या घरचा मेलेला पुरुष नवरीच्या मांडवात एकाच कारणानं बोलावतात: तो तिचा पहिला नवरा असला तर.

"नामा, पोरीचं आधी लगीन झालंय नं आमाला सांगितलं न्हाय?"

वऱ्हाडातली माणसं चपला शोधू लागली. वऱ्हाड असं उठून गेलं असतं तर चंपाला पुन्हा कुणी मागणी घातली नसती, आणि नामाला गावात मान वर करता आली नसती.

"कोण हाय हा अजितराव?" जानकीबाईनं चंपालाच विचारलं.

पुस्तकातला आहे म्हणाली असती तर वेडी ठरली असती. आणि तिच्या लेखी तो नुसता पुस्तकातला नव्हताच. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि जे वाचलं होतं ते सांगितलं. "सरदार हाय. लढाईत मेलाय, तीनशे वर्सं झाली. छातीवर वार हाय. मला वळखतो."

म्हणजे नवरा नव्हे. पण जे होतं ते नवऱ्यापेक्षा अवघड होतं. सगळे गुणाबाईकडे पाहू लागले. परक्याला बोलावल्याचा ठपका तिच्यावर येत होता, आणि तिला पुढच्या लग्नसराईतही धवले गायचे होते. ती शांतपणे म्हणाली, "बोलावल्यावर तो आला. आता पोरीला टाकून गेलात तं अपमान त्याचा व्हईल. माजा न्हाय."

तलवारवाल्याचा अपमान करायला वळचं कुणी तयार नव्हतं. चपला परत निघाल्या आणि लग्न घाईनं उरकलं.

चंपा सासरी आली ती सरदारासकट. दर अमावास्येला घराच्या कोपऱ्यात त्याचं जेवणाचं पान मांडलं जाई. त्याला सुकट आवडते की नाही हे कादंबरीत नव्हतं, म्हणून जानकीबाई कोंबडी करायची, आणि ते पान नंतर चंपानंच खायचं असा नियम चंपानंच सांगितला. दामूनं एकदा पिऊन हात उचलला, तेव्हा आईनं तो वरच्या वर धरला. "भाड्या, आमाला समद्यांना मारशील," म्हणाली. दामूनं कोपऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. पुन्हा त्यानं तो उचलला नाही.

मला या सगळ्याचं हसू येई, आणि चारचौघांत मी ते रंगवून सांगतही असे. पुढचं चंपानं माझ्या बायकोला सांगितलं, तेव्हापासून सांगवत नाही.

चंपाची थोरली जाऊ शेवंता. अक्षरशत्रू. तिच्या नवऱ्याचा हात धरायला जानकीबाई कधी उठली नव्हती. एका दुपारी चंपा पडवीत वाचत बसली होती, तिथं शेवंता आली. डावा गाल सुजून डोळा मिटला होता. उजव्या डोळ्यानं तिनं मुखपृष्ठावरचा किल्ला बराच वेळ पाहिला.

"ह्यात आजून एखादा मेलेला हाय का गं?"

चंपानं पुस्तक मिटलं.

"दिसायला कसा बी चालंल," शेवंता म्हणाली. "पिरेम नको. नुसता घरात उभा ऱ्हायला तरी पुरं."